१ ऑक्टोबर १९२६ : लोकसेवा आयोगाची स्थापना

सरकारी नोकरी वशिल्याने नव्हे, गुणांवर मिळावी, या मागणीला भारतात मूर्त रूप आले ते आजच्या दिवशी. १९१९च्या कायद्यात तरतूद होऊनही आयोग रखडला होता. १९२४मध्ये ली आयोगाने आग्रह धरला, तेव्हा कुठे सर रॉस बार्कर यांच्या अध्यक्षतेखाली तो अस्तित्वात आला. अधिकार मात्र बेताचेच, सल्ल्यापुरते.

खरे बळ दिले ते राज्यघटनेने. २६ जानेवारी १९५०पासून तो ‘संघ लोकसेवा आयोग’ झाला. त्याचा खर्च संचित निधीवर भारित असल्याने त्यावर संसदेत मतदान होत नाही. गैरवर्तनाच्या आरोपावरून सदस्याला हटवायचे, तर आधी सर्वोच्च न्यायालयाची चौकशी लागते. अध्यक्षाला निवृत्तीनंतर कोणतीही सरकारी नोकरी घेता येत नाही. मिंधेपणाची वाटच बंद! (राज्यपालपदाला ही बंदी लागू नाही, हेही खरे.) सल्ला सरकारवर आजही बंधनकारक नाही, पण तो नाकारल्यास कारणे संसदेपुढे मांडावी लागतात. हा धाक पुरेसा आहे का, यावर दुमत होऊ शकते.

महाराष्ट्र लोकसेवा आयोग राज्याबरोबरच, १ मे १९६० रोजी स्थापन झाला.