दुसरा नंबर कोण ठरवतं?

आजचा एपिसोड एका छोट्या क्विझने सुरू करू. मी देशाचं नाव घेतो, तुम्ही त्या देशातलं लोकसंख्येने दुसऱ्या क्रमांकाचं शहर सांगायचं. गुगल करायचं नाही, प्रामाणिकपणे.

रशिया? सेंट पीटर्सबर्ग. सोपं होतं. जर्मनी? म्युनिक म्हणाला असाल तर विकेट गेली, उत्तर आहे हॅम्बर्ग. ब्राझील? रिओ दि जानेरो. पाकिस्तान? लाहोर. म्यानमार? मंडाले. कॅनडा? माँट्रियल. ऑस्ट्रेलिया? इथे जरा थांबा, उत्तर वाटतं तेवढं सरळ नाही. आणि भारत? इथे तर मित्रांमध्ये भांडणच लागेल, म्हणून तो प्रश्न शेवटी घेऊ.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. माझ्या डोक्यात या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एका ओळीची क्वेरी: लोकसंख्या उतरत्या क्रमाने लावा, दुसरी ओळ उचला, संपलं. पण 'शहर' नावाच्या कॉलममध्ये नेमकं काय भरलंय आणि ते कुणी भरलं, हे कुठलंच टेबल सांगत नाही. तिथूनच इतिहास सुरू होतो. दुसरा नंबर आपोआप मिळत नाही. त्यामागे बहुतेक वेळा कुणाचा तरी निर्णय असतो, आणि त्या निर्णयाची किंमतही कुणीतरी मोजलेली असते. आज अशा काही निर्णयांच्या गोष्टी सांगतो.

मुकुट गेलेली शहरं

आपल्या यादीतली तीन नावं परत बघा: सेंट पीटर्सबर्ग, रिओ, मंडाले. तिघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. तिन्ही एकेकाळी राजधानीची शहरं होती.

मंडाले हे नाव मराठी माणसाला शाळेपासून माहीत असतं. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते आणि 'गीतारहस्य' त्यांनी तिथेच लिहिलं. आपल्या डोक्यात मंडाले म्हणजे तुरुंग. पण ते शहर राजा मिंडोनने १८५७ मध्ये राजधानी म्हणून वसवलं होतं. १८८५ मध्ये ब्रिटिशांनी ते जिंकलं, शेवटच्या राजाला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि कारभार रंगूनहून चालवला. राजवाड्याच्या तटबंदीला नाव दिलं फोर्ट डफरिन. म्हणजे बघा, ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत. साम्राज्याला माणसं अशी हलवायची सवयच होती, आणि राजधान्याही.

सेंट पीटर्सबर्गची गोष्ट जास्त कठोर आहे. झार पीटरने १७०३ मध्ये शहर वसवलं, १७१२ मध्ये राजधानी केलं. मार्च १९१८ मध्ये लेनिनच्या सरकारने राजधानी मॉस्कोला हलवली, कारण जर्मन सैन्य फार जवळ आलं होतं. पुढे यादवी युद्ध, अन्नटंचाई, रोगराई. १९१७ मध्ये २० लाखांच्या वर असलेली वस्ती १९२० पर्यंत साधारण ७ लाखांवर आली. लोक गावाकडे पळाले, काही मेले. दुसऱ्या महायुद्धात ८७२ दिवसांचा वेढा पडला आणि शहर पुन्हा रिकामं झालं. आज तिथे ५० लाखांहून जास्त लोक राहतात, पण मॉस्को कधीच हाताबाहेर गेलंय.

रिओचं मात्र थोडं वेगळं. १९६० मध्ये राजधानी ब्राझिलियाला गेली हे खरं, पण साओ पाउलो तोवर कॉफी आणि कारखान्यांच्या जोरावर मोठं झालंच होतं. त्यामुळे 'राजधानी गेली की नंबर जातो' असा सरळ नियम काढू नका. शहर घसरण्याची दुसरी कारणंही असतात. त्यासाठी कॅनडात जाऊ.

भाषेसाठी मोजलेली किंमत

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅनडाचं सगळ्यात मोठं शहर टोरांटो नव्हतं, माँट्रियल होतं. बँका, रेल्वे कंपन्या, विमा कंपन्या, सगळ्यांची मुख्यालयं तिथे. गंमत अशी की शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे आणि साहेबाची केबिन मात्र इंग्रजी. १९६० च्या दशकात केंद्र सरकारने नेमलेल्या आयोगाने आकडे मांडले, तेव्हा दिसलं की क्वेबेक प्रांतात फ्रेंच वंशाच्या लोकांची सरासरी कमाई इंग्रज वंशाच्या लोकांपेक्षा बरीच कमी आहे. आपल्याच घरात दुय्यम, अशी भावना होती आणि ती निराधार नव्हती.

नोव्हेंबर १९७६ मध्ये रेने लेवेक यांचा पार्टी क्वेबेक्वा हा पक्ष निवडून आला. १९७७ मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेचा कायदा आणला, जो 'बिल १०१' म्हणून ओळखला जातो. ऑफिसचा कारभार फ्रेंचमध्ये, दुकानांच्या पाट्या फ्रेंचमध्ये, बाहेरून आलेल्यांच्या मुलांची शाळा फ्रेंचमध्ये. पाट्यांचा वाद म्हटल्यावर तुमच्यातल्या बऱ्याच जणांना काहीतरी ओळखीचं वाटलं असेल! जानेवारी १९७८ मध्ये सन लाइफ या मोठ्या विमा कंपनीने मुख्यालय टोरांटोला हलवत असल्याचं जाहीर केलं. इंग्रजी बोलणारी हजारो कुटुंबंही निघून गेली.

आता इथे एक सावधगिरी. 'भाषेच्या कायद्याने माँट्रियल बुडालं' असं सोपं वाक्य तुम्हाला सापडेल. तारखा बघा. टोरांटोचा शेअर बाजार माँट्रियलच्या पुढे १९३० च्या दशकातच गेला होता. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स नदीचा जलमार्ग मोठ्या जहाजांना खुला झाला आणि ती माँट्रियलला न थांबता थेट आतल्या सरोवरांपर्यंत जायला लागली. १९७६ च्या जनगणनेत दोन्ही महानगरं साधारण २८-२८ लाखांवर येऊन बरोबरीत होती. म्हणजे कायदा येण्याआधीच शर्यत संपत आली होती. कायद्याने शेवटचा धक्का दिला.

पण त्या कायद्याने आणखी एक झालं. फ्रेंच बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या शहरात स्वतःच्या भाषेत नोकरी करता आली, बढती मिळवता आली. माँट्रियलने पहिला नंबर गमावला आणि भाषा राखली. सौदा बरोबर होता का, यावर तिथे अजून वाद होतात. पण तो डोळे उघडे ठेवून केलेला सौदा होता.

२७७ मतं

आता अशी शहरं, जिथे कुणी कुठे गेलं नाही, आलं नाही, फक्त नकाशावरची रेघ हलली.

अमेरिकेत शिकागोला 'सेकंड सिटी' म्हणतात. १८९० च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या १०,९९,८५० भरली आणि त्याने फिलाडेल्फियाला (१०,४६,९६४) मागे टाकून दुसरा नंबर पटकावला. केवढी प्रगती, नाही का? पण एकच वर्ष आधी, १८८९ मध्ये, शिकागोने आजूबाजूच्या वस्त्या स्वतःत सामील करून घेतल्या होत्या. क्षेत्रफळ जवळजवळ चौपट झालं आणि सुमारे सव्वादोन लाख माणसं एका फटक्यात शिकागोकर झाली. ती वजा करा, शिकागो परत फिलाडेल्फियाच्या मागे. फिलाडेल्फियाने तक्रार करायला जागा नव्हती, कारण १८५४ मध्ये त्यांनी हेच केलं होतं.

हे बघून धडकी भरली न्यूयॉर्कला. तेव्हाचं न्यूयॉर्क म्हणजे मुख्यतः मॅनहॅटन बेट, साधारण १५ लाख वस्ती. शिकागो याच वेगाने वाढलं तर पहिला नंबर जाणार! नदीपलीकडे ब्रुकलिन होतं: स्वतंत्र शहर, स्वतःचा मेयर, ८ लाखांवर लोक, देशात चौथा क्रमांक. अँड्र्यू हॅसवेल ग्रीन नावाचे वकील कित्येक वर्षं म्हणत होते की ही सगळी शहरं एक करा. बंदराचा कारभार, पूल, पाणी अशी बरीच कारणं होती, पण शिकागोची भीतीही त्यात होती.

१८९४ मध्ये मतदान झालं. ब्रुकलिनमध्ये एकत्रीकरणाच्या बाजूने ६४,७४४ आणि विरोधात ६४,४६७. फरक २७७ मतांचा! आपल्याकडे एखाद्या सोसायटीत याहून जास्त मतदार असतात. मतदान बंधनकारक नव्हतं, ब्रुकलिनच्या मेयरने पुढे विरोधही केला, पण राज्याच्या विधिमंडळाने तो बाजूला सारला. १ जानेवारी १८९८ ला ब्रुकलिन हे शहर संपलं आणि न्यूयॉर्कचा एक भाग झालं. जुने ब्रुकलिनकर त्याला '९८ सालची घोडचूक' म्हणत राहिले. दुसऱ्या बाजूने बघाल तर कर्जात रुतलेल्या ब्रुकलिनला मोठ्या शहराचा पैसा आणि पाणी मिळालं.

आता खास तुमच्यासाठी ट्रिव्हिया. २०२० च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या २७,४६,३८८ आणि एकट्या ब्रुकलिनची २७,३६,०७४. फरक १० हजारांच्या आसपास! ब्रुकलिन आज वेगळं असतं तर अमेरिकेत कितवं असतं? चौथं. १८९० मध्ये होतं तिथेच. आणि 'सेकंड सिटी' शिकागो? १९९० च्या जनगणनेत लॉस एंजेलिसने त्याला तिसऱ्या नंबरवर ढकललं. टोपणनाव तेवढं चिकटून राहिलं, तिथल्या प्रसिद्ध विनोदी नाटक कंपनीचं नावही तेच आहे.

मेलबर्न: एका उपनगराचा खेळ

आता थांबवून ठेवलेला ऑस्ट्रेलियाचा प्रश्न. १८५१ मध्ये मेलबर्नच्या आसपास सोनं सापडलं आणि काही दशकं मेलबर्नच देशातलं सगळ्यात मोठं शहर होतं. १८९० च्या दशकात बँका कोसळल्या, नंतर सिडनी पुढे गेलं. दोघांमधली चुरस एवढी की १९०१ मध्ये देश एकत्र आला तेव्हा राज्यघटनेतच लिहिलं गेलं: राजधानी सिडनीच्या राज्यात असेल, पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब, आणि ती होईपर्यंत संसद मेलबर्नमध्ये भरेल. त्यातून कॅनबेरा जन्माला आलं. संसद तिथे गेली १९२७ मध्ये.

एप्रिल २०२३ मध्ये बातमी आली: मेलबर्न पुन्हा नंबर एक! झालं काय होतं? तिथल्या सांख्यिकी विभागाने सलग वस्तीच्या व्याख्येनुसार मेल्टन हा भाग मेलबर्नमध्ये धरला. मेलबर्न ४८,७५,४००, सिडनी ४८,५६,७००. फरक १८,७००. त्याच विभागाची 'ग्रेटर सिडनी, ग्रेटर मेलबर्न' अशी दुसरी व्याख्या आहे, आणि त्यात तेव्हाही सिडनीच पुढे होतं. मेल्टनमधला माणूस त्या दिवशी नेहमीसारखाच कामाला गेला असणार. त्याच्या आयुष्यात काही बदललं नाही, बदललं ते हेडलाइनमध्ये.

आणि आपलं काय?

आता भांडणाचा प्रश्न. भारतात पहिलं कोण, मुंबई की दिल्ली?

२०११ च्या जनगणनेत मुंबई महानगर १.८४ कोटी, दिल्ली १.६३ कोटी. मुंबई पहिली. पण संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या यादीत दिल्ली सुमारे २.८५ कोटी आणि मुंबई सुमारे २ कोटी. सात वर्षांत एवढी उलथापालथ? नाही. संयुक्त राष्ट्रं दिल्लीत गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद हेही धरतात. आपल्या जनगणनेत ही वेगळी शहरं होती.

मुंबईच्या बाजूनेही हाच प्रश्न विचारा. २०११ मध्ये ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई हे मुंबई महानगरात मोजले गेले, पण वसई-विरार वेगळं, १२ लाखांवर लोकांचं स्वतंत्र शहर. विरार लोकलच्या दारात लटकून रोज चर्चगेटला जाणारा माणूस हिशोबात मुंबईचा नव्हता! आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड तरी कधी मुंबई झाले? १९५० आणि १९५७ मध्ये, टप्प्याटप्प्याने हद्द वाढवली तेव्हा. आज बोरिवलीकराला 'तू मुंबईचा नाहीस' म्हणून बघा.

हे नुसतं ट्रिव्हिया नाही. महापालिकेची रेघ कुठे आहे त्यावर तुमच्या नळाला पाणी कोण देणार, कर किती लागणार आणि मत कुणाला देता येणार हे ठरतं. पुण्याच्या हद्दीत २०२१ मध्ये २३ गावं आली. तिथल्या माणसासाठी पुणे कितवं शहर यापेक्षा टँकर कधी थांबणार हा प्रश्न मोठा आहे. ब्रुकलिनमध्येही शेवटी मुद्दा पाण्यापाशी आणि पैशांपाशीच आला होता.

जनगणना २०२७ चे आकडे येतील तेव्हा 'दिल्लीने मुंबईला हरवलं' किंवा 'मुंबईच नंबर वन' असे रील्स धडाधड येणार. शेअर करण्याआधी दोनच प्रश्न विचारा: रेघ कुठे ओढली, आणि ती ओढताना आतल्या माणसांना कुणी विचारलं का? उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

तुमच्या गावाची, उपनगराची हद्द कधी बदलली, घरातल्या मोठ्यांना विचारून कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.