विलंबित देण्यांवरील वैधानिक व्याज
सूक्ष्म वा लघुउद्योगाने पुरवलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे मुदतीत न चुकवल्यास खरेदीदारावर कायद्यानेच लागू होणारे व्याज. भारतात यासाठी पहिला स्वतंत्र कायदा १९९३ मध्ये झाला. त्याची जागा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ ने घेतली (पहा : लघुउद्योग). लेखी करार असला, तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची मुदत चालत नाही. करारच नसेल, तर १५ दिवस. मुदत टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढते (पहा : बँक दर, चक्रवाढ व्याज). बँक दर ६ टक्के धरल्यास १ लाख रुपयांच्या थकीत बिलाचे वर्षभरात सुमारे १,१९,५६२ रुपये होतात. हे व्याज माफ करणारी करारातील अट टिकत नाही. मध्यम उद्योगाला पुरवठादार म्हणून हे संरक्षण मिळत नाही. तंटा या अधिनियमाखालील सुविधा परिषदेपुढे जातो. तेथे आधी समेटाचा प्रयत्न, मग लवाद (पहा : लवाद). निवाड्याला आव्हान देण्यापूर्वी खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते. तरतुदीचे खरे बळ या अटीत आहे. असे व्याज प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा होत नाही.