दागिने गहाण टाकून घेतलेलं घर

मुलगा नोकरीनिमित्त मँचेस्टरला आहे म्हणून लिव्हरपूल पाहणं घडलं. नाहीतर बेळगावच्या बाईचा आणि त्या बंदराच्या गावाचा काय संबंध! आगगाडीनं तासाभराची वाट. सूनबाईनं ‘बीटल्स’ची ठिकाणं बघायची सगळी तिकिटं आधीच काढून ठेवली होती. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. माझी त्यांची ओळख म्हणजे कॉलेजात असताना मैत्रिणीच्या दादाकडे ऐकलेली एक कॅसेट, तीही घासून खरखरणारी. “चार पोरांनी गाणी म्हटली, त्याची काय यात्रा करायची?” असं आमच्या ह्यांनी गाडीत बसल्यापासून चालवलं होतं.

पहिल्यांदा मॅथ्यू स्ट्रीटवरचा ‘कॅव्हर्न क्लब’ पाहिला. पायऱ्या उतरत उतरत खाली जायचं, विटांच्या कमानी, छोटंसं व्यासपीठ. 1961 ते 1963 या काळात बीटल्स इथं तीनशेच्या आसपास वेळा वाजवून गेले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या पोरी ऐकायला यायच्या म्हणे. मी भिंतीला हात लावला आणि मग कळलं, की ही ती भिंतच नव्हे! जमिनीखालच्या रेल्वेला हवा खेळायला वाट हवी म्हणून 1973 मध्ये क्लब बंद करून वरची इमारत पाडली. वाट काही तिथं झालीच नाही. जागेवर मोटारी लावायला लागले. 1980 मध्ये न्यूयॉर्कला जॉनचा खून झाला, साऱ्या जगातून लोक लिव्हरपूलची वाट विचारू लागले, तेव्हा गावाला जाग आली. 1984 मध्ये जुन्या विटा वापरून, जवळपास त्याच जागी नवा कॅव्हर्न उभा राहिला. आपल्याकडे वाडे पाडून त्याच नावाचे अपार्टमेंट बांधतात, तसलाच प्रकार. पण तिथल्या गर्दीला त्याचं काही वाटत नव्हतं, नाचत होती बिचारी.

दुसऱ्या दिवशी घरं पाहिली. मेनलव्ह अव्हेन्यूवरचं ‘मेंडिप्स’ म्हणजे जॉनच्या मिमी मावशीचं घर. जॉन लहानाचा मोठा इथं झाला. मावशीनं त्याला सांभाळलं, शिकणाऱ्या मुलांना खोल्या भाड्यानं दिल्या. यजमान 1955 मध्ये गेले. गिटारचा आवाज नको म्हणून ती जॉनला पुढच्या काचेच्या पडवीत पिटाळायची. आवाज तिथं छान घुमतो, हे पोरांच्याच पथ्यावर पडलं! त्याची आई, जूलिया, जवळच राहायची. 15 जुलै 1958 ला बहिणीकडून घरी निघाली आणि समोरच्याच रस्त्यावर मोटारीखाली सापडली. जॉन सतरा वर्षांचा. मी पडवीत उभी राहून तो रस्ता बघत होते. गाड्या आजही सुसाट जातात.

पॉलचं घर फोर्थलिन रोडवर, नगरपालिकेनं भाड्यानं दिलेलं, बेताचं. बैठकीच्या खोलीत भिंतींना निरनिराळ्या नक्षीचे कागद, उरलेसुरले तुकडे आणून चिकटवलेले. संसार कसा चालला होता ते भिंतच सांगते. आई मेरी सुईण होती. 1955 मध्ये इथं राहायला आले आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ती कॅन्सरनं गेली. पॉल चौदा वर्षांचा. पुढे ती त्याच्या स्वप्नात आली आणि त्यातून ‘लेट इट बी’ सुचलं, असं त्यानंच सांगितलंय. वडील कापसाच्या पेढीवर विक्रेते. हे ऐकून मी चमकले. 1861 ते 1865 च्या अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा आमच्या धारवाड-हुबळीकडचा, खानदेशातला कापूस मुंबईहून याच लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरत होता. म्हणजे संबंध अगदीच नव्हता असं नाही.

आई गमावलेली ही दोन पोरं या खोलीत समोरासमोर बसून वहीत गाणी लिहायची. आमचे हे एकदम गप्प झाले होते.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या घराबद्दल. आमच्या बसच्या वाटेवर ते नव्हतं, सूनबाईनं वेगळी वेळ घेतली होती. वेस्ट डर्बी भागातलं हेमन्स ग्रीन, आठ नंबर. मालकीण मोना बेस्ट. जन्म दिल्लीचा, वडील हिंदुस्थानात लष्करात. थोरला मुलगा पीट मद्रासला 1941 मध्ये जन्मला. महायुद्ध संपता संपता हे बिऱ्हाड बोटीनं लिव्हरपूलला आलं. मोनाला मोठं घर हवं होतं, हाती पैसा नव्हता. तर 1954 च्या डर्बीच्या शर्यतीत तिनं आपले दागिने गहाण टाकून ‘नेव्हर से डाय’ नावाच्या घोड्यावर पैसे लावले, असं घरचे सांगतात. घोडा जिंकला, एकाला तेहतीस या भावानं! आमच्याकडे सात व्यसनांत जुगाराचा नंबर पहिला. तरी खोटं कशाला बोलू, मला त्या बाईचं कौतुक वाटलं. दागिने मोडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, नवऱ्याच्या धंद्यासाठी, मुलाच्या फीसाठी. स्वतःच्या मनातल्या घरासाठी गहाण टाकणारी ही पहिलीच.

मुलाचे मित्र गाणी ऐकायला घरी गोळा होत, म्हणून तिनं तळघरात क्लब काढला, ‘कॅसबा’. दारू नाही, कॉफी आणि कोकाकोला. 29 ऑगस्ट 1959 ला तो उघडला तेव्हा वाजवायला जॉन, पॉल, जॉर्ज आणि केन ब्राउन हे चौघे. उघडायच्या आधी पोरांना तिनं रंगकामाला जुंपलं होतं. एका छतावर पॉलचे इंद्रधनुष्याचे पट्टे आजही दिसतात. इथं मी पुन्हा भिंतीला हात लावला. ही मात्र तीच होती. घर घरच्यांकडेच राहिलं, म्हणून तळघर राहिलं.

एका शनिवारी केन आजारी होता, वाजवू शकला नाही. तरी मोनानं त्याच्या वाट्याचे पंधरा शिलिंग त्याला दिले. बाकीचे तिघे रागावून निघून गेले. पुढे परत आलेच म्हणा. आजाऱ्याचा रोज कापायचा नाही, ही तिची रीत. मोलकरणीचे खाडे कापताना आपण काय करतो, हे ज्याचं त्यानं आठवावं.

1960 मध्ये पीट त्यांचा ड्रमवाला झाला. मोना फोनवर कार्यक्रम ठरवायची, हिशेब बघायची. मग ब्रायन एपस्टाइन व्यवस्थापक म्हणून आला आणि 16 ऑगस्ट 1962 ला त्यानं पीटला ऑफिसात बोलावून सांगितलं, की बाकीच्यांना तू नकोस. रिंगो आला. सात आठवड्यांनी पहिली तबकडी बाजारात आली. पीटला काढताना तिघांपैकी एकही समोर नव्हता. आईच्या जिवाला काय झालं असेल!

निघताना वाटाड्यानं सहज सांगितलं, की 1967 मध्ये ‘सार्जंट पेपर’ या तबकडीच्या वेष्टणासाठी फोटो काढायचा होता, तेव्हा जॉननं मोनाकडेच तिच्या वडिलांची पदकं मागितली. आणि तिनं दिली. मुलानं गाडीत मोबाइलवर ते चित्र काढून दिलं. जॉनच्या पिवळसर कोटाच्या छातीवर पदकं आहेत. चष्मा लावून मी ती मोजत बसले. ह्यांनी दोनदा विचारलं, “काय गं, काय बघतेस एवढं?”