प्रीमियर पद्मिनीचे मागील सस्पेन्शन

प्रीमियर पद्मिनीचे मागील सस्पेन्शन ही प्रीमियर पद्मिनी या भारतीय बनावटीच्या मोटारीच्या मागील चाकांना आधार देणारी व रस्त्याचे धक्के शोषणारी यंत्रणा होय. अखंड मागील आस, तिला दोन्ही बाजूंनी तोलणारे पोलादी पाटे आणि दोन शॉक ॲब्सॉर्बर असे तिचे स्वरूप आहे. उत्पादन थांबून बराच काळ लोटल्यामुळे आज चालू स्थितीत असलेल्या पद्मिनींमध्ये मागील बाजूची चाल खडखडीत, कडक किंवा हेलकावे देणारी असल्याची तक्रार नेहमी आढळते. अशा वेळी दोषाचे नेमके निदान न करता पाटे किंवा शॉक ॲब्सॉर्बर बदलल्यास खर्च होतो, पण चाल सुधारतेच असे नाही.

पार्श्वभूमी

सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे होता. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने १९६४ पासून तेथे फियाट ११०० डिलाइट ही मोटार तयार होऊ लागली. तिलाच १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. १,०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन असलेली ही मोटार मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून विशेष परिचित झाली. २००० सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून बाहेर पडली. खाजगी मालकीच्या काही पद्मिनी मात्र अद्याप जतन केलेल्या आहेत.

रचना

पाट्यांची स्प्रिंग मोटारीहून जुनी आहे. बग्गी आणि टांग्यातही ती वापरली जात असे. लांबीने उतरत्या क्रमाचे अनेक पोलादी पाटे एकावर एक रचून मधोमध सेंटर बोल्टने जखडलेले असतात. सर्वांत लांब पाट्यास मुख्य पाटा म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात व त्यांत बुश बसवलेले असतात. पुढचा डोळा गाडीच्या सांगाड्याला थेट जोडलेला असतो, तर मागचा डोळा शॅकल या झुलत्या दुव्याला जोडलेला असतो. भार पडला की पाटा सरळ होऊन त्याची लांबी वाढते. ही वाढ शॅकल सामावून घेतो. आस यू-बोल्टच्या साहाय्याने पाट्यांशी घट्ट बांधलेली असते.

या रचनेत पाटे केवळ वजन पेलत नाहीत. आस जागेवर ठेवणे, इंजिनाचा जोर व ब्रेकचा ताण सांगाड्यापर्यंत पोहोचवणे हेही काम तेच करतात. त्यामुळे पाट्यातील दोष हा आरामाइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

कडक चालीची कारणे

गंजलेले पाटे : पाटे एकमेकांवर घासतात. त्यांच्यात गंज व धूळ साचल्यास घर्षण इतके वाढते की लहान धक्क्याने पाटा वाकतच नाही. असा धक्का थेट सांगाड्यास पोहोचतो.

जादा पाटा : पाट्यांच्या संचाचा ताठरपणा पाट्यांच्या संख्येच्या साधारण प्रमाणात वाढतो. पाच समान पाट्यांत सहावा पाटा घातल्यास ताठरपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. जाडीचा परिणाम याहून तीव्र असून तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. डिकीत सीएनजी सिलिंडर असलेल्या किंवा टपावर सामान वाहणाऱ्या गाडीस जादा पाटा दिला, आणि पुढे तो भार काढून टाकला, तर गाडी मागून उंच उभी राहते व कडक चालते.

खचलेले पाटे : बाक नाहीसा झालेल्या पाट्यांमुळे आस आणि सांगाडा यांतील अंतर घटते. मोठ्या खड्ड्यात आस रबरी ठोकळ्यावर आदळते. हा आघात चालकास ‘पाटे कडक झाले’ असा भासतो; वस्तुतः त्यांचा केवळ बाक गेलेला असतो.

जखडलेले शॅकल व बुश : शॅकल अडकल्यास पाट्याला लांबण्यास वाव राहत नाही. रबरी बुशचे बोल्ट गाडी उचललेली असताना घट्ट केल्यास गाडी खाली येताच रबर पिळले जाते. त्यामुळे चाल कडक होते व रबर लवकर फाटते.

टायर : जुने टायर कठीण होतात. मूळ ५.२०-१४ मापाच्या टायरऐवजी मालवाहू गाडीचे जाड बाजूंचे टायर बसवल्यास, अथवा हवा जास्त भरल्यास, सस्पेन्शन निर्दोष असूनही गाडी उडते.

दोषनिदानाचा क्रम

तपासणी कमी खर्चाच्या गोष्टींपासून सुरू करणे इष्ट असते.

१. टायर थंड असताना हवेचा दाब निर्धारित मापावर आणून गाडी चालवून पाहावी. टायरच्या बाजूवरील चार अंकी संकेतात निर्मितीचा आठवडा व वर्ष दिलेले असते.

२. सपाट जमिनीवर रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंस मोजावी. लक्षणीय फरक आढळल्यास एका बाजूचा पाटा खचला अथवा तुटला असल्याची शक्यता असते.

३. रबरी ठोकळ्यांवर खडूची पूड किंवा ग्रीस लावून नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारावी. लावलेला थर पुसला गेल्यास आस ठोकळ्यापर्यंत पोहोचत आहे, हे सिद्ध होते.

४. गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडावा. एका-दोन हेलकाव्यांत ती स्थिर झाली तर शॉक ॲब्सॉर्बर ठीक असल्याचे सामान्यतः मानले जाते. पाट्यांच्या गाडीत मात्र ही कसोटी फसवी ठरू शकते, कारण गंजलेल्या पाट्यांचे घर्षणच हेलकावे थांबवते. त्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे टोक सोडवून तीच कसोटी पुन्हा घ्यावी. ते सोडवल्यावरही गाडी डोलत नसेल, तर दोष पाट्यांत किंवा शॅकलमध्ये आहे. सुटा शॉक ॲब्सॉर्बर हाताने ओढून व दाबून पाहावा. तो संपूर्ण पल्ल्यात सारखा विरोध करणारा आणि तेलगळतीविना असावा.

५. शेवटी यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, बुश व प्रत्येक पाट्याची कड तपासावी. पाट्यावरील गंजाची आडवी रेषा ही बहुधा चीर असते.

गतीनुसार वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची, तर ॲक्सिलरेटर दाबताना व सोडताना बदलणारा आवाज डिफरन्शियलचा असण्याचा संभव असतो. गाडी सुटताना एकच ठोका बसत असल्यास प्रोपेलर शाफ्टचे सांधे पाहावेत. हे दोष सस्पेन्शनचे नव्हेत.

दुरुस्ती

गंजलेले पाटे सुटे करून, घासून, ग्रॅफाइटयुक्त ग्रीस लावून पुन्हा बांधता येतात. पाट्यांवर जुने इंजिन ऑइल किंवा डिझेल फवारण्याची प्रथा आहे. त्याने आवाज तात्पुरता थांबतो. मात्र तेल रबरी बुश खराब करते आणि त्यावर बसलेली धूळ पाटे झिजवते. बालाघाट डोंगररांगेतील भूमसारख्या तालुक्यांत, जेथे गावाकडचे रस्ते धुळीचे व खडीचे असतात, हा परिणाम लवकर दिसतो.

मालमोटारींमुळे पाट्यांचे काम करणारे कारागीर आजही मिळतात. खचलेल्या पाट्यास पुन्हा बाक देता येतो. तथापि भट्टीत तापवलेल्या पाट्यास योग्य पाणी दिले नाही, तर पोलादाचा लवचीकपणा जातो. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडणे धोकादायक असते. पाटे दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत आणि बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतानाच अखेरचे घट्ट करावेत.

सुरक्षितता

मुख्य पाटा पुढच्या डोळ्यापाशी तुटल्यास किंवा सेंटर बोल्ट तुटून यू-बोल्ट सैल झाल्यास आस मागेपुढे सरकते. गाडी एका बाजूस ओढू लागते व ब्रेकच्या नळीवर ताण येतो. असे लक्षण दिसताच गाडी चालवणे थांबवावे. गाडीखाली काम करताना ती केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवावी. भारतात खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. त्यासाठी गाडी सुस्थितीत असणे आवश्यक असल्याने जतन केलेल्या पद्मिनींच्या बाबतीत ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते.