खानदेशचा कापूस आणि त्याचे गिऱ्हाईक

१/ ऑनलाइन जाहिरात देणाऱ्यासमोर पहिला प्रश्न असतो : हा माल नेमका कोणासाठी? दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न धुळे-जळगावच्या काळ्या जमिनीत उभा राहिला होता. माल होता कापूस. त्याचे खरे गिऱ्हाईक कोण, याविषयी सरकारचे उत्तर एक होते आणि शेतकऱ्याचे दुसरे. त्या मतभेदाचा हा इतिहास.

२/ एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लिंकनने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्या आपल्या गरजेपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस तिथूनच आणत असत. ती वाट बंद होताच त्यांची नजर मुंबई इलाख्याकडे वळली. खानदेश हा त्या इलाख्यातील कापसाचा एक प्रमुख मुलूख होता.

३/ अडचण होती ती धाग्याची. लँकेशायरची यंत्रे अमेरिकन कापसाच्या लांब धाग्याला सरावलेली, तर खानदेशी कापूस आखूड धाग्याचा. त्यात माती, सरकी, जुना कापूस मिसळण्याची तक्रार नित्याचीच. भेसळीला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

४/ कायद्याने भेसळ रोखता येईल, पण धागा लांब होणार नव्हता. म्हणून बियाणेच बदलण्याचे ठरले. कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांच्या पुढाकाराने वर्ध्याकडील हिंगणघाटचे, म्हणजे ‘बनी’ जातीचे बियाणे खानदेशात आणले गेले. धागा लांब आणि तलम. लँकेशायरच्या पसंतीस उतरेल असा.

५/ काळाने मात्र थट्टा केली. कसाऱ्याच्या थळघाटातून रेल्वे सुरू झाली ती जानेवारी १८६५ मध्ये, आणि एप्रिलपासून अमेरिकेतील युद्ध मावळू लागले. भाव कोसळले, मुंबईतील सट्टेबाजांच्या पेढ्या बुडाल्या. लँकेशायर हळूहळू आपल्या जुन्या पुरवठादाराकडे परतले.

६/ मग खानदेशी कापूस घेणार कोण? उत्तर जवळच होते. १८५० च्या दशकापासून मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहत होत्या. १८७० च्या दशकात जळगावातही गिरणी आली. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडेभरडे सूत कातत आणि त्यातील मोठा वाटा चीनला जाई. अशा सुताला आखूड धागा पुरतो, आणि तो स्वस्तही पडतो.

७/ दुसरे गिऱ्हाईक समुद्रापलीकडचे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई-जपान जहाजसेवा सुरू केली. जपानी गिरण्यांनी आखूड आणि लांब धाग्यांच्या कापसाचे मिश्रण करण्याचे तंत्र साधले होते. लँकेशायरने नाक मुरडलेला माल त्यांना हवाच होता.

८/ शेतकऱ्याचा हिशेबही याच दिशेने जात होता. ‘रोझियम’ या भरड वाणाच्या शंभर शेर कापसातून सुमारे चाळीस शेर रुई निघे. बनीचा उतारा याहून बराच कमी, आणि तिच्या तलम धाग्याला मिळणारा जास्तीचा भाव ही तूट भरून काढीत नसे. त्यामुळे बनी मागे पडली आणि भरड वाण पसरले.

९/ पुष्कळ अधिकाऱ्यांनी याला ऱ्हास म्हटले. शेतकऱ्याच्या अज्ञानाला दोष दिला. पण लँकेशायरचा चष्मा उतरवला, की चित्र पालटते. माल निकृष्ट नव्हता. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचा होता. पुढे कृषी खात्यानेही याच भरड कापसातून निवड करून ‘एन. आर.’ वाण शेतकऱ्यांना दिले.

१०/ म्हणून शेतकरी जिंकला, असे म्हणून थांबता येत नाही. १९३३ मध्ये भारताने जपानी कापडावरील जकात वाढवली, तेव्हा जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या करारापर्यंत आखूड धाग्याचे हे मोठे दार बंद राहिले. १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि ते गिऱ्हाईक गेलेच. त्यानंतरच्या वर्षांत खानदेशात तुलनेने लांब धाग्याचे ‘जरीला’ वाण पसरले.

११/ हा निर्णय या वेळी का टिकला? १८६० च्या दशकात लांब धागा मागणारा ग्राहक सातासमुद्रापार होता आणि त्याला पर्याय मिळताच तो निघून गेला. १९४० च्या दशकात तो धागा देशातल्याच गिरण्यांना हवा होता. बियाण्याच्या गुणांइतकेच महत्त्व ते घेणाऱ्या बाजाराला होते.

१२/ जुन्या अहवालांत ‘दर्जा घसरला’ असे वाक्य आढळले, तर दोन गोष्टी विचाराव्यात : दर्जा कोणाच्या यंत्रावर मोजला, आणि गिऱ्हाईक फिरल्यावर नुकसान कोणी सोसले? पहिल्याचे उत्तर बहुधा मँचेस्टरमध्ये सापडते. दुसऱ्याचे धुळे-जळगावच्या शिवारात.