जॉन्सनकडून विष्णुशास्त्र्यांनी काय घेतलं?

मंडळी, चिंचवडच्या या सभागृहात आज चाकणची पहिली शिफ्ट आटोपून थेट आलेले बरेच चेहरे दिसतायत. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वाङ्मयाशी आपलं काय देणंघेणं, असं त्यांना वाटत असेल. ते नातं जुळलं इथून लोकलने अर्ध्या तासावरच्या पुण्यात.

१७५९ च्या जानेवारीत सॅम्युएल जॉन्सनची आई वारली. तिच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी त्याने आठवडाभर संध्याकाळी बसून 'रासेलस' लिहिलं, असं त्याचा चरित्रकार बॉस्वेल सांगतो. सगळी सुखं हात जोडून उभी असलेल्या दरीतून बाहेर पडणाऱ्या राजपुत्राची ही कथा. तिचं मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभलं आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पुरं केलं. १८७४ मध्ये सुरू केलेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनचं विस्तृत चरित्रही लिहिलं.

आता पेच असा. इंग्रजी राज्यावर आणि साहेबाच्या आंधळ्या अनुकरणावर कोरडे ओढणारा हा माणूस साहेबाच्याच एका लेखकात एवढा का रमला? लांब, तोललेल्या वाक्यांची शैली आवडली म्हणून, हे नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

आम्हाला वाटतं, त्यांना जॉन्सनमध्ये लेखकाचा ताठ कणा दिसला. लॉर्ड चेस्टरफील्डने कोशाच्या कामात वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलं नाही; कोश पुरा होत आल्यावर मात्र स्तुती केली. १७५५ मध्ये जॉन्सनने पत्र लिहून ती उशिराची मेहेरबानी झिडकारली. विष्णुशास्त्र्यांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये टिळकांसोबत न्यू इंग्लिश स्कूल काढलं. एकामुळे दुसरं घडलं, असा पुरावा आमच्यापाशी नाही. पण दोन्हीमागची वृत्ती एकच आहे.

तरी जॉन्सनला देव करू नका. १७६२ मध्ये त्याने राजाकडून वर्षाला तीनशे पौंडांचं पेन्शन घेतलंच. आपल्या कोशात त्याच शब्दाची खिल्ली उडवूनसुद्धा! पोट कुणाला सुटलंय? विष्णुशास्त्री तर १८८२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. स्वतःच्या हिमतीवर जगण्याचा त्यांचा प्रयोग अर्धाच राहिला.

परक्याचं वाङ्मय वाचणं म्हणजे त्याच्यापुढे वाकणं नव्हे. विष्णुशास्त्री ते वाचून अधिक ताठ उभे राहिले. उद्याच्या शिफ्टला जाताना एवढं सोबत न्या.