कोलोनोस्कोपीतील गुंगी

गुदद्वारातून लवचीक दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी (कोलोनोस्कोपी) करताना रुग्णाची वेदना व भीती कमी करण्यासाठी औषधांनी आणलेली अवस्था. वेदना मुख्यतः दुर्बिणीचे वेटोळे पडून आतड्याला धरून ठेवणारे पडदे ताणले गेल्याने आणि आत सोडलेल्या वायूने आतडे फुगल्याने होते. गुंगीच्या सौम्य, मध्यम व सखोल अशा पायऱ्या मानतात व त्यांपुढे पूर्ण भूल येते. मध्यम गुंगीतला रुग्ण हाकेला ओ देतो, सखोल गुंगीत मात्र त्याला वारंवार हलवावे लागते आणि श्वासमार्ग मोकळा ठेवण्यास मदत लागू शकते.

मिडाझोलाम हे चिंता घालवणारे व त्या वेळची स्मृती पुसट करणारे औषध आणि फेन्टॅनिल किंवा पेथिडिन हे अफूवर्गीय वेदनाशामक शिरेतून थोडेथोडे देऊन मध्यम गुंगी आणणे ही रूढ पद्धत होय. दोहोंना उतारे आहेत, अनुक्रमे फ्लुमाझेनिल व नॅलोक्सोन. पण फ्लुमाझेनिलचा परिणाम आधी ओसरतो, त्यामुळे शुद्धीवर आलेला रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो.

ब्रिटनमध्ये १९८६ साली वापरात आलेले प्रोपोफोल हे सोयाबीन तेल व अंड्यातील लेसिथिन यांच्या पायसात मिळणारे दुधाळ औषध मिनिटभरात परिणाम दाखवते व थांबवताच लवकर उतरते. त्याला उतारा नाही. रक्तदाब घसरतो आणि मध्यम गुंगी व पूर्ण भूल यांतील मात्रेचे अंतर इतके थोडे असते, की दुर्बीण चालवणाऱ्याखेरीज केवळ श्वासावर लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती उशाशी असणे अपरिहार्य ठरते. बोटाला लावलेला प्राणवायूमापक श्वास मंदावल्याचे उशिरा दाखवतो, विशेषतः रुग्णाला जादा प्राणवायू दिला जात असल्यास. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र ते आधी दाखवते. श्वासावर लक्ष ठेवणारी ही व्यक्ती भूलतज्ज्ञच हवी काय, याविषयी एकमत नाही. जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये प्रशिक्षित परिचारिकाही हे औषध देतात.

२००८ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार प्रोपोफोलने रुग्ण लवकर सावध होतो, लवकर घरी जातो व अधिक समाधानी असतो. तपासणीचा कालावधी, दुर्बीण अंधांत्रापर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत) पोहोचण्याचे प्रमाण आणि गुंतागुंती यांत मात्र फरक आढळला नाही. अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींवर आधारलेल्या २०१३ च्या अभ्यासात भूलसेवा घेतलेल्या गटात जठरातील द्रव फुप्फुसात जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाचे प्रमाण ०.१४ टक्के, तर इतरांत ०.१० टक्के होते. अशा निरीक्षणात्मक तुलनेत दोन्ही गटांतील रुग्णांची मूळ प्रकृती सारखीच होती असे धरता येत नाही.

गुंगीविनाही तपासणी होते व त्या वेळी हवेऐवजी पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड सोडल्यास त्रास कमी होतो. नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांचे समभाग मिश्रण हुंगवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये आहे. रेमिमाझोलाम या अल्पकाळ टिकणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. निरोगी प्रौढांना संगणकाच्या नियंत्रणाखाली प्रोपोफोल देणारे सेडासिस हे यंत्र तेथेच २०१३ साली मान्य झाले व खप न झाल्याने २०१६ साली मागे घेण्यात आले.